धोंड्याचा मान

बाप पडला होता आणि लोक धोंडा धूत होते.

चैत्री पुनवेचा दिवस. खोताच्या नारळी-पोफळीच्या आगराला लागून मारुतीचं देऊळ, देवळापुढं अंगण, अंगणात माझा बाप पालथा. तोंड मातीत. एक पाय दुमडलेला, एक सरळ. कंबरेतून काहीतरी तुटलं होतं त्याच्या. ओरडला नाही. नुसतं हूं हूं चाललं होतं. खोताचे गडी विहिरीवरून कळशा आणून ओतत होते, त्या धोंड्यावर. ज्याच्या हातून धोंडा पडला त्याचा घाम धोंड्यावर ठेवत नाहीत. तशी रीत. बापाच्या तोंडात कुणी चूळभर पाणी घातलं नाही.

मी पुढं झालो. त्याच्या काखेत हात घातला. खोत मांडवात खुर्चीवर बसला होता, शेजारी पाहुणे. तिथूनच म्हणाला,

"राहू दे त्याला तसाच. बाकीच्या वाड्यांना बघू दे."

मी हात काढला. मिशी फुटलेला बाप्या मी, आणि हात काढला. पलीकडच्या वाडीचा माणूस बापाला वळसा घालून धोंड्याकडं गेला. मांडवात पानसुपारी फिरली. कुणीतरी विनोद केला आणि पाहुणे हसले. सगळ्या वाड्यांचे फेरे होईपर्यंत माझा बाप उन्हात तसाच पडून होता. मग कारभाऱ्यानं हातानं खूण केली, की आता न्या.

ही रीत काय ती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

बोर्ली पंचतनपासून खाली दिवेआगरच्या समुद्रापर्यंत तेव्हा नबाबाचा अंमल. पलीकडं इंग्रजी मुलखात मिठाची चळवळ व्हायची होती, तिच्या थोडं आधीचं हे. नबाब लांब, खोत जवळ. डोंगरउतारावरच्या चार-पाच वाड्या ह्या खोताच्या. आम्ही सगळी कुणबी कुळं. जमीन कसायची, पिकाचा वाटा खोताला घालायचा, ते वेगळंच. वर आणखी वेठ. म्हणजे फुकटचं काम. आणि वर्षाची वेठ कुणी ओढायची ते त्या धोंड्यावर ठरायचं. जत्रेला प्रत्येक वाडीनं एक माणूस द्यायचा. त्यानं धोंडा खांद्यावर घेऊन देवळाला एक फेरा मारायचा. मारला, वाडी सुटली. पडला, तर वर्षभर आगराचं शिंपणं, खोताच्या घराची शाकारणी, लाकूडफाटा, पुढच्या जत्रेचा मांडव, सगळं त्या वाडीच्या मानेवर. ह्याला नाव काय, तर धोंड्याचा मान. बघा. मान म्हणायचं आणि मान मोडायची.

पहिला फेरा खोताच्या घरचा. धाकटा खोत घालायचा, म्हणजे खोताचा मुलगा, माझ्याच वयाचा. तेलानं चकाकणारं अंग. त्याला कसली वेठ आणि कसलं काय. तो उचलायचा ते आम्हाला दाखवायला, की होतं बघा, मनात असलं की होतं.

आमची वाडी दरवर्षी पडायची. माझ्या जन्मापासून आमची वाडी सुटलेली मी पाहिली नाही. आधी काका पडला होता, त्याच्या आधी दुसरं कुणी. ते पडले म्हणजे धोंडा हातातून सुटला, एवढंच. बाप मोडला. वैदूनं शेकलं, चोळलं, बांबूच्या कामट्या बांधल्या. काही नाही. कंबरेखाली जीवच राहिला नाही. पडवीत घोंगडी टाकून दिली. तिथंच खाणं, तिथंच सगळं. आये काढायची.

आणि वाडीनं काय केलं? वाडीनं बापालाच बोल लावला. पाणवठ्यावर बायका आयेच्या तोंडावर म्हणायच्या, तुझ्या दादल्यानं वाडी बुडवली. म्हातारे म्हणायचे, पूर्वीची माणसं कशी व्हती, भाकर खाऊन डोंगर उचलायची. बाप पडवीत पडून हे ऐकायचा आणि मान हलवायचा. त्यालाही पटलेलं. मला म्हणायचा, माझ्यातच बळ कमी पडलं रे. मला त्याचा राग यायचा. वाडीचा यायचा. खोताचा मात्र येत नव्हता. खोत म्हणजे ऊन-वाऱ्यासारखा, त्याच्यावर कोण रागावतं?

त्या वर्षीच्या वेठीत मला खोताच्या तालमीत घातलं. धाकट्या खोतासाठी घाटावरून एक वस्ताद आणला होता. आगराच्या कडेला नारळाच्या झापांची तालीम. मी हौदा खणायचा, माती भिजवायची, तेल-ताक मिसळायचं, पाणी भरायचं, आणि धाकट्याची मेहनत झाली की त्याचे पाय चेपायचे. सकाळी हे. मग दिवसभर आगराचं शिंपणं. पोटात पेज.

धाकटा खोत बैठका मारायचा तेव्हा मध्येच हूं हूं करायचा. माझ्या बापासारखं. त्याचे सोबती खो खो हसायचे. एकदा हौद्यात पालथा पडून, एक पाय दुमडून, एक सरळ करून त्यानं बापाचं सोंग काढलं आणि मला म्हणाला, "पाणी आण. धोंड्यावर घाल हां, माझ्यावर नको." मी कळशी घेऊन उभा. वस्ताद दुसरीकडं बघत होता. वस्ताद माणूस वाईट नव्हता, पण पोटाला बांधलेला. पोटाला बांधलेल्या माणसाला मान फिरवायची कला येते.

मी तालमीत काय बघितलं ते सांगतो. मला वाटायचं, पैलवान म्हणजे दिवसभर घाम गाळणारा. तसं नव्हतंच. वस्ताद आधी त्याला हळूहळू चालवायचा, हातपाय सोडवून घ्यायचा. म्हणायचा, थंड अंगाला ओझं लावू नये, शीर तुटते. मग जोर, मग बैठका. आज होते त्याच्याहून उद्या थोड्या जास्त. एकदम वाढवल्या तर ओरडायचा. आज खांद्याची मेहनत झाली तर उद्या खांद्याला हात नाही, पायाची. दम छातीत कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा. घाम पुसून मग खुराक. दूध, बदाम, तूप. आणि जेवून झोप. भर दुपारी, माणूस झोपलेला! वाऱ्याला मी. झोपलेल्या माणसाला वारा घालायचा, हीसुद्धा वेठच.

आठवड्यातून एक दिवस तालीम बंद. मला वाटलं, देवाचा वार असेल. तसं नव्हतं. अंगाचा वार होता.

पुढच्या जत्रेला दोन-तीन महिने उरले तसा धाकटा खोत हट्टाला पेटला. पाहुणे येणार, जास्त मेहनत करतो म्हणाला. वस्तादानं त्याला हौद्याबाहेर काढलं. मी आत माती उकरत होतो. वस्ताद म्हणाला,

"मेहनत अंग मोडती, धाकलं धनी. झोप आन खुराक अंग बांधती. धोंड्याच्या आदी दोन दिस निस्तं पडून ऱ्हायचं."

धाकट्यानं माझ्याकडं बोट केलं. "मग हे कुणबट रोज एवढं ओझं वाहतात. हे का होत नाहीत पैलवान?"

वस्ताद माझ्याकडं न बघता बोलला, "त्येंचं रोज मोडतंय. बांधायला येळ कुठं हाय?"

"म्हणजे बरंच की," धाकटा खोत म्हणाला. "मोडू दे."

आणि पाय पुढं केले. मी चेपले.

पण डोक्यात काहीतरी लागलं होतं. लहानपणापासून आम्ही एक गोष्ट मिरवत आलो होतो. आमचं अंग कष्टाचं. आम्हाला तालीम कशाला, आमचा नांगर तीच तालीम, आमची मोळी तीच तालीम. गावकीत म्हातारे छाती ठोकून सांगायचे. केवढी चूक! घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, आणि मेलेल्या घोड्याला आम्ही पैलवान म्हणत होतो. चाळिशीत आमच्या माणसांचे गुडघे जातात. आमच्या बायका तिशीत वाकतात. ओझं तेच, पोत्याचं असो की धोंड्याचं. एकाला ते घडवतं, दुसऱ्याला खातं. मधलं काय गेलं? झोप गेली. खुराक गेला. कुठं गेला? आमची म्हैस विते आणि चीक पहिला कुणाच्या घरी जातो ते मला माहीत होतं. धाकटा खोत दुपारी झोपतो तेव्हा शिंपणं कोण करतं तेही माहीत होतं. झोप आमचीच होती. त्याच्या डोळ्यांवर होती, एवढंच.

आणि मग धोंड्याचं कोडं सुटलं. जी वाडी वेठीत, ती जत्रेची तयारी करणार. मांडव घालणार, लाकडं फोडणार, पाण्याच्या खेपा घालणार. आणि त्याच दिवशी, उपाशीपोटी, थंड अंगानं, तिचाच माणूस धोंड्याखाली जाणार. तो पडणारच. म्हणजे तीच वाडी पुन्हा वेठीत. माझ्या बापानं त्या दिवशी पहाटेपासून वासे वाहिले होते. धोंड्यापर्यंत पोचला तोच अर्धा मेलेला. बळ कमी पडलं म्हणे! रांडेच्यांनो, बळ तुम्ही आधीच काढून घेतलं होतंत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या दिवशी पहिल्यांदा मला खोताचा राग आला, आणि आला तो अजून गेलेला नाही.

मी काकाशी बोललो. काका म्हणजे बापाचा थोरला भाऊ, गावकीत त्याचा शब्द चालायचा. आधी म्हणाला, तालमीत राहून तुझं डोकं फिरलंय. मग पडवीत बापाजवळ जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं गावकी बसवली. ठरलं, की धोंड्याला मी जाईन. जत्रेच्या आधी दोन दिवस माझी वेठ दुसऱ्यांनी आपसांत वाटून करायची, कारभाऱ्याला कळू न देता. मी घरात पडून राहायचं. आणि तोवर प्रत्येक घरानं काही ना काही द्यायचं. कुणी अंडं, कुणी वाटीभर दूध, कुणी सुक्या मासळीचा तुकडा. बहिणीचं लेकरू अंगावर पीत होतं, तिला दूध कमी पडायचं म्हणून म्हशीचं पाजायची. तेही तिनं मला आणून दिलं. लेकरू रडायचं आणि मी प्यायचो. 

वरच्या डोंगरात ओढ्याकाठी मी दगड उचलायला लागलो. आधी लहान. तो हलका वाटला की त्याच्याहून जरासा मोठा. घाई केली नाही. वस्तादाचं एकेक वाक्य चोरलं होतं, तसंच केलं. शिंपण्यावरून आल्यावर अंग मोडून आलेलं असलं तर त्या दिवशी दगडाला हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड. मनाला वाटायचं, कर, कर. पण नाही करायचं. अंग बांधायला वेळ द्यायचा.

बापाला आयेनं सांगितलं. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "सुटलो तर वाडीला तोंड दाखवीन." तोंड तेवढंच राहिलं होतं त्याचं दाखवायला.

पुनव आली. मी झोपून उठलेला, खाल्लेला, हातपाय सोडवून गरम केलेला. माझ्या जन्मात अंग असं कधी नव्हतं. आधी धाकट्या खोताचा फेरा झाला. मग आमच्या वाडीचं नाव पुकारलं. मी धोंड्यापाशी बसलो, मांडीवर घेतला, दम सोडला आणि खांद्यावर टाकला. जड होता. पण फक्त जड होता. मी चालायला लागलो. देवळाच्या मागं गेलो, पुढं आलो. आमची माणसं मांडवाच्या बांबूंना धरून उभी. फेरा पुरा केला आणि धोंडा खोतासमोर मातीत टाकला. बहीण रडायला लागली. काका पुढं येऊन माझ्या पायाला हात लावू लागला, मी धरला त्याला.

वस्ताद माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं मी कुठून शिकलो. पुन्हा त्यानं मान फिरवली.

खोत हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो पाहुण्यांकडं वळून हसला आणि म्हणाला,

"बघितलंत? एवढं बळ लपवून ठेवलं होतं यांनी. म्हणजे इतकी वर्षं अंगचोरपणा चालला होता. कारभारी, यंदा ह्या वाडीची माणसं दुप्पट घ्या."

पाहुणे हसले. कारभारी मान डोलावत हसला. मला आधी कळलंच नाही. मी बावळटासारखा विचारलं, "धनी, मंग धोंडा कशाला उचलायचा?"

"जत्रा आहे. जत्रेत करमणूक नको?"

असं. पडला तर दुबळा म्हणून राब, उचलला तर बळकट म्हणून राब. तालमीचे नियम मी शिकलो होतो, ह्या खेळाचे नव्हतो शिकलो. ह्या खेळाला नियमच नव्हता. एक खुर्ची होती आणि तिच्यावर तो होता. बळी तो कान पिळी म्हणतात. साफ खोटं. त्या अंगणात त्या घटकेला माझ्याहून बळी कुणी नव्हता, आणि कान माझाच पिळला जात होता.

कारभारी म्हणाला, उद्या सूर्य उगवायच्या आत सगळे आगरात हजर. मी म्हणालो,

"आम्ही येनार न्हाय."

"कोण आम्ही?" खोतानं विचारलं.

मागं वळून बघायचं मला भ्या वाटलं. कुणी उभं आहे का नाही, ठाऊक नव्हतं. मी न वळता म्हणालो, "मी येनार न्हाय." तेवढं तर माझ्या हातात होतं.

धाकट्या खोतानं पायातली वहाण काढून माझ्या तोंडावर मारली. भर जत्रेत. ओठ फुटला. हात उचलला असता तर त्याला मी अंगणाबाहेर फेकला असता. मी हात उचलला नाही. त्यांना तेच हवं होतं, मला चोरासारखा बांधून नेण्यासाठी. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. चालताना मागं पावलं वाजली. काकाची, बहिणीची. आणखीही होती, सगळ्यांची नव्हती.

घरी बाप वाट बघत होता. ओठाचं रक्त त्याला दिसलं नाही, किंवा दिसून त्यानं विचारलं नाही.

"उचललास?"

"व्हय."

"मंग सुटलो."

मी त्याच्याजवळ बसलो. खोटं सांगता आलं असतं. आयेनं डोळ्यांनी सांगितलंही, की सांगू नको. मी सांगितलं. वासे सांगितले, उपाशी पोट सांगितलं, खोत काय म्हणाला ते सांगितलं. बा, तुझं बळ कमी नव्हतं, उचललं असतंस तरी ह्यांनी सोडलं नसतं, असं सांगितलं. मला वाटलं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. बाप छपराकडं बघत म्हणाला,

"म्हंजे मी उगाच मोडलो?"

"व्हय, बा."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री जेवला नाही.

सकाळी कारभारी आला. वाडीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारू लागला. आदल्या दिवशी मी काय बोललो, कोण मागं आलं, ते सगळं त्या हाकेसरशी पुसल्यासारखं झालं. आमच्या अंगांना पिढ्यांची सवय. हाक आली की पाय आधी उठतात, डोकं मागून जागं होतं. समोरच्या घरातून दोघं बाहेर आले. काका आमच्या अंगणात बसला होता, तोही उठला. हात खुंटीवरच्या कोयतीकडं गेला. माझे पाय, सांगायला लाज वाटते, माझेसुद्धा पाय ताठ झाले.

पडवीतून बाप ओरडला.

"दादा, बस खाली."

त्यानं थोरल्या भावाला उभ्या जन्मात असं सांगितलं नव्हतं. काका थबकला. बाप कोपरांवर रेटा देऊन छातीपर्यंत उठला होता, दात ओठांत रुतलेले. "बस. मी पडलेला हाय, तुमी बसा तरी." काका बसला. समोरचे दोघं आपल्या उंबऱ्यावर बसले. कारभारी हाका मारून मारून घसा बसेपर्यंत ओरडला आणि गेला.

स्वस्तात पडलं नाही. खोतानं पाणवठा बंद केला, म्हशी कोंडवाड्यात घातल्या. माणसं पाठवून आमचं आणि काकाचं छप्पर उतरवलं. काही घरं फुटली, पुन्हा वेठीला गेली, त्यांना मी नावं ठेवत नाही. काही जण दिघीच्या धक्क्यावरून आगबोटीत बसून मुंबईला गेले ते गेलेच. बाप उघड्या पडवीत, पावसात, गोणपाटाखाली मेला. त्याला खांदा देताना मला कळलं, किती हलका झाला होता तो. पण जे बसले ते बसले. पुढच्या पुनवेला आमच्या वाडीतून कुणी धोंड्याकडं गेलं नाही.

आता मी वाडीत पोरांना मेहनत शिकवतो. झापांची तालीम आहे, पोरीही येतात, म्हातारे कुरकुरतात तर कुरकुरू देत. आठवड्याला एक दिवस बंद म्हणजे बंद, आणि त्या दिवशी कुणाच्याही शेतावर फुकटचं पाऊल नाही. नवीन पोर आलं की विचारतं, आधी काय शिकू, जोर की बैठका? मी सांगतो, आधी बसायला शीक. हाक येईल. अंग आपोआप उठू बघेल. त्याला दाबून धरायचं. पहिल्या दिवशी जमणार नाही. चिडायचं नाही, रोज थोडं थोडं वाढवायचं.

मला जमलंय. खोत येवो, त्याचा पोर येवो, खुद्द नबाब पालखीतून येवो. मी उठणार नाही.